गळ धरायला

आकाराम : धरायचं काय म्हणालात, हवालदार?

हंबीरराव : गळ.

आकाराम : मासं धरायचा गळ?

हंबीरराव : व्हय.

आकाराम : म्हंजे जो मासं धरतो, त्येला धरायचं.

हंबीरराव : बरोबर. जोंधळ्याच्या दाण्याएवढा गळ असतोय. त्यो पक्का धरून ठेवायला व्हाइस पायजे. मग मी त्येच्यावर माशी बांधतो. दवाखान्याच्या फाटकावरचा रखवालदार म्हणाला, लेथवाल्या आकारामकडं जा, त्यो लोखंडाचं काय बी करून देतो.

आकाराम : देतो की. माशी म्हणालात न्हवं?

हंबीरराव : माशी.

आकाराम : मेलेली का जित्ती?

बनुबाई : खोटी रं बाबा. कोंबड्याच्या मानंची पिसं, रेशमाचा धागा, नखाएवढं मेण. लांबनं बघितली तर माशी. जवळनं बघितली तर येडेपणा.

हंबीरराव : तू बोलू नगंस. दम लागतोय तुला.

बनुबाई : दम गप बसून बी लागतोय. बोलून लागला तर निदान बोलणं तरी हुतंय.

आकाराम : आन ही माशी मासा खातो?

हंबीरराव : काश्मीरचा खातो. ट्राउट म्हणत्यात त्येला. मी तितं कॅप्टनसायबाचा अर्दली हुतो, तवा शिकलो. साहेब नदीत उभं र्‍हायचे, मी काठावर माश्या बांधायचो. आता पुण्याला एक रिटायर कर्नल हायेत, त्येंना पारसल करतो. ते पुढं पाठवत्यात.

आकाराम : काश्मीरच्या मास्याची माशी सांगलीत.

हंबीरराव : मलकापुरात. कराडला लागून. सांगलीत फकस्त व्हाइस.

आकाराम : आपल्या कृष्णेतला मासा न्हाई खात ही?

बनुबाई : त्येला कणकेची गोळी लागती. आपल्यासारखाच हाय त्यो. बाहत्तरला नदीत नुसती वाळू हुती, प्यायला पाणी न्हाई, आन आमी दोघं वसरीवर बसून मास्यांसाठी माश्या बांधत हुतो. खडी फोडायला जाणारे लोक वाट वाकडी करून बघायला यायचे. त्येवढीच त्येंची करमणूक.

आकाराम : ह्यो उजवा हात कवा गेला, हवालदार?

हंबीरराव : पासष्टला. लाहोरच्या अंगाला.

बनुबाई : तिकडंच हाय अजून. आमच्या घरातलं तेवढंच परदेशात.

आकाराम : मग एका हातानं बांधता? आजवर गळ धरायला काय हुतं?

हंबीरराव : हुता एक व्हाइस.

आकाराम : कुठल्या मेकचा?

बनुबाई : तासगावचा.

आकाराम : तासगावात व्हाइस करत्यात? माझ्या कानावर न्हाई.

बनुबाई : मी, बाबा. माझं माहेर तासगाव. चिमट्यात गळ धरून मी ह्येंच्या पुढ्यात बसते. हे डाव्या हातानं धागा गुंडाळत्यात, पिसाचं टोक दातात धरत्यात. नऊ वर्षं झाली.

आकाराम : आन आता मावशीला बदलायचं म्हणता.

हंबीरराव : बदलायचं न्हाई. जरा आराम. डॉक्टर आराम करा म्हणाले.

बनुबाई : डॉक्टर म्हणाले, घरी न्या. आवडंल ते खायला घाला.

आकाराम : ह्ये चांगलं की, मावशी.

बनुबाई : न्हाई रं. ज्येला खाता येत न्हाई त्येलाच असं सांगत्यात. चार वाजता कराडची एस्टी हाय. तवर ह्येंना व्हाइस घिऊन दे.

हंबीरराव : आज नुसतं बघू. पुढच्या खेपंला आलो की घिऊ.

बनुबाई : पुढची खेप तुमची. माझी हीच. आन मी बघितल्याबिगर कोण बी घरात येणार न्हाई. दाव रं बाबा, काय काय हाय.

आकाराम : ह्यो बघा. लोखंडी, वजन चौदा किलो. ह्येच्यात जीपचा आस धरला तरी हलत न्हाई. लावू का तुमचा गळ?

हंबीरराव : लाव.

आकाराम : हं. आवळतो. अजून जरा. झालं.

हंबीरराव : काय झालं?

आकाराम : गळाचा तुकडा झाला.

हंबीरराव : रिजेक्ट.

बनुबाई : खूश झालात.

हंबीरराव : कोण?

बनुबाई : मिशी हलली तुमची.

आकाराम : ह्यो दुसरा. विट्याचा एक गलाईवाला हाय, मद्रासला सोनं गाळायचं दुकान हाय त्येचं. गावी आला तवा दुरुस्तीला टाकला, परत न्यायला आलाच न्हाई. सोन्याची तार धरायचा हाय. जबडा बघा, उंदराचा असतो तसा. ह्या पाटाला स्क्रूनं बसवलाय, पाट टेबलावर ठेवा, बसा. गळाला ओरखडा बी पडणार न्हाई.

हंबीरराव : बघू. धागा दे गं पिशवीतला. हं. धरलाय खरा. हलत न्हाई.

आकाराम : हलणार कसा? आटे मी स्वतः पाडल्यात.

हंबीरराव : एक येढा. दोन. तीन. तुटला.

आकाराम : काय?

हंबीरराव : धागा तुटला. अनफिट.

बनुबाई : परत बांधा.

हंबीरराव : एक. दोन. तुटला. बघ, मी म्हणत हुतो. हे लोखंड हाय, ह्येला काय कळतंय. चल, एस्टी चुकंल.

बनुबाई : एस्टीला दोन तास हायेत. धागा जुना हाय का?

हंबीरराव : तोच हाय. परवा दवाखान्याच्या खाटंवर ह्याच धाग्याला तूच गळ धरला हुतास की. तवा तुटला का? नऊ वर्षांत माझा धागा तुटलेला न्हाई. कर्नलसाहेब लिहित्यात, हवालदार के हाथ में जादू है. ह्या व्हाइसमधी खोट हाय.

आकाराम : हवालदार, माझ्या व्हाइसला नाव ठिवू नका. तिसरा दावतो. ह्यो घड्याळजीचा. चारी अंगानं फिरतो. ह्येच्याइतका गुणी नग सांगलीत न्हाई.

हंबीरराव : रंग बरा न्हाई.

आकाराम : रंग?

हंबीरराव : हिरवा हाय. डोळ्याला तरास हुतो.

बनुबाई : आवं, मला बघायला आला हुता तवा तुमी चहा प्यालात, बशी खाली ठेवली आन पसंत म्हणालात. पाच मिण्टं बी न्हाई लागली. माझा रंग कुणी इचारला न्हाई. आन लोखंडात खोड काढताय?

हंबीरराव : तवा रजा आठ दिसांची हुती.

बनुबाई : आता बी तेवढीच हाय म्हणा. बांधा.

हंबीरराव : एक. दोन. तीन. चार. तुटला. मी आधीच सांगितलं.

आकाराम : थांबा. एक मिनिट थांबा. येढा आवळताना तुमी हिसका देताय.

हंबीरराव : मी हिसका देत न्हाई.

आकाराम : देताय. एक हात हाय, अंदाज जातोय. तेवढ्यात धागा तुटतोय, कारण गळ जागचा हलत न्हाई. मग मावशीच्या हातात का तुटत न्हाई? मावशी, तुमी धरा बरं चिमटा. हवालदार, बांधा.

हंबीरराव : तिला तरास नगं.

बनुबाई : द्या हिकडं. बांधा. आन गप बांधू नका, मला सवय न्हाई. तर आकाराम, आमच्या शेजारी साळूबाई हाय, तिची सून धोंडुबाई. दोघींचं एक भांडण म्हंजे आमची एक माशी. भांडण लांबलं की ही माशी शेपटाला जाड हुती. दवाखान्यात यायच्या आदल्या दिशी सून म्हणाली, सासूबाई, ताकात पाणी कुणी घातलं. साळूबाई म्हणाली, मी घातलं, तुझ्या बापानं म्हस दिली हुती का. सून म्हणाली, म्हस न्हाई दिली पर मला दिली की. तवर हितं पिसाचा येढा झाला, गाठ पडली. बघा. झाली.

आकाराम : तुटला न्हाई.

हंबीरराव : मी काय म्हणत हुतो.

आकाराम : न्हाई, हवालदार. मी त्येंचा हात बघत हुतो. तुमी हिसका दिला की मावशीचा हात पुढं येतोय. केसभर. मग परत जागंवर. सहा बारी झालं. मावशी, तुमी सोडताय.

बनुबाई : लय बघतोस तू.

हंबीरराव : काय सोडतीस?

बनुबाई : काय न्हाई. तुमी ताणलं की थोडं येऊ देते.

हंबीरराव : कवापासनं?

बनुबाई : पहिल्या माशीपासनं.

हंबीरराव : म्हंजे धागा तोडत मी हुतो.

बनुबाई : तुटला कुठं?

हंबीरराव : कर्नलसाहेब जादू लिहित्यात.

बनुबाई : लिहू द्या की. त्येंना कुठं माझं नाव ठाव हाय.

हंबीरराव : नऊ वर्षं बोलली न्हाईस. साळूबाईच्या ताकातलं पाणी सांगितलंस, आन ह्ये न्हाई सांगितलं.

बनुबाई : ह्ये सांगितलं असतं तर तुमी जपून ओढलं असतं. जपून ओढलं की येढा सैल पडतोय. माशी बिघडती. आकाराम, काय करता येतंय का ह्येच्यावर?

आकाराम : मावशी, बारा वर्षं मी लेथवर उभा हाय. लोक नग आणत्यात, म्हणत्यात, आकाराम, ह्यो हलतोय, ह्येचं हलणं काढ. हलणं घाल म्हणून आलेलं गिऱ्हाईक तुमीच पहिलं.

बनुबाई : घालता येतंय का?

आकाराम : जबड्याच्या मागं स्प्रिंग बसवावी लागंल. सायकलच्या घंटीची हाय माझ्याकडं, ह्या डब्यात कुठंतरी. विट्याच्याच नगाला बसंल. थांबा, हुडकतो. ढिबरी, वायसर, हे काय, कुलपाची किल्ली. हे न्हवं.

बनुबाई : आवं, तुमी सुरू करा. बसवली त्यानं.

आकाराम : अजून कुठं, मावशी, मी अजून...

बनुबाई : आकाराम, डब्यात बघ. किल्ली कशाची हाय ती बघ. बांधा वं तुमी. हिकडं पाटाला मी हात लावून बसते, उठून उभी र्‍हायले की चक्कर येती.

हंबीरराव : एक. दोन. तीन. चार. पाच. न्हाई तुटला. पीस लावतो. सहा. सात.

आकाराम : मावशी.

बनुबाई : तू बघ किल्ली.

हंबीरराव : गाठ. झाली.

बनुबाई : दावा. हं. मानंचं पीस चांगलं फुललंय. आता बोला, पास का अनफिट?

हंबीरराव : पास.

बनुबाई : रंग?

हंबीरराव : रंगाचं काय एवढं.

बनुबाई : मग जावा, चौकातनं टांगा बघून या. मला स्टँडपतूर चालणं व्हायचं न्हाई. घाई करू नका, घोडं बरं असंल असा बघा. तवर ह्यो बांधून ठेवंल.

(हंबीरराव टांगा आणायला बाहेर जातो.)

आकाराम : मावशी, स्प्रिंग ही बघा. माझ्या हातात हाय.

बनुबाई : ठाव हाय.

आकाराम : पाट तुमी हलवत हुता.

बनुबाई : मग? त्येंचं मन लागलं न्हवतं. एकदा पास म्हणाले की मिल्ट्रीचा माणूस शबुद माघारी घेत न्हाई. आता बसव. त्ये यायच्या आत.

आकाराम : ह्ये फसवणं झालं.

बनुबाई : तू खरी स्प्रिंग बसवलीस की फसवणं कुठं र्‍हायलं? फकस्त आधी पास झालं, मग झालं. लगीन बी तसंच असतंय.

आकाराम : आज नसता घेतला तर काय झालं असतं? हवालदार पुढल्या म्हैन्यात आले असते की.

बनुबाई : आले नसते. पासष्टला ह्ये घरी आले ते तीन म्हैने हिरीच्या काठावर बसायचे. पवायला लय चांगलं येत हुतं. पर एका हातानं न्हाई, आन ते त्येंना ठाव हुतं. मी जेवायला हाक मारली की उठून यायचे. एक दिवस हाक मारली तर आले न्हाईत. मी गेले, शेजारी बसले. काय बोलावं सुचंना. मनात आलं ते बोलले, तुमच्या ट्रंकंत ते बारकं बारकं गळ हायेत ते कशाला? तर म्हणाले, माशी बांधायला, पर दोन हात लागत्यात. म्हणलं, दोन हायेत माझ्याकडं, घ्या. त्या दिसापासनं पाठ हिरीकडं आन तोंड माझ्याकडं.

आकाराम : हीर हाय अजून?

बनुबाई : हीर कुठं जाती. म्हणून आज पायजे. मी समोर न्हाई तर समोर कायतरी ठिवून जायला पायजे. तोंड करून बसायला.

आकाराम : धरा चिमटा.

बनुबाई : कशाला?

आकाराम : किती सोडता ते मला कळाय पायजे. स्प्रिंग किती कापू? मी धागा ओढतो, तुमी नेहमीसारखं करा.

बनुबाई : ओढ. न्हाई, असा न्हाई. तू लय सभ्यपणानं ओढतोस. रागानं ओढ.

आकाराम : कशाचा राग आणू?

बनुबाई : नसलेल्या हाताचा.

आकाराम : माझे दोन्ही हायेत, मावशी.

बनुबाई : मग काय हाय त्येचा आण.

आकाराम : परवा लेथचा पट्टा तुटला. नवा आणला, त्यो दुसऱ्या दिशी तुटला.

बनुबाई : चालंल. ओढ.

आकाराम : सोडलात. कुठं सोडलात ते कळलंच न्हाई. परत एकदा.

बनुबाई : हं.

आकाराम : परत. हितं. अर्ध्या सुताच्या बी आत. मावशी, हात थरथरतोय तुमचा.

बनुबाई : थरथर धरू नगंस. ती नवी हाय. तिच्या खालचं धर.

आकाराम : तिच्या खालचं धरतो. घंटीची हाय, ताठ हाय जरा. दोन येढं कापतो. बघा आता बोटानं.

बनुबाई : लय सोडतोय. ह्येनं ते लाडावतील.

आकाराम : मग दुसरी घेतो, एकच येढा कापतो. आता?

बनुबाई : आता बरं. आता माझ्यासारखा झाला. तेलाचं काय?

आकाराम : म्हैन्यातनं एक थेंब.

बनुबाई : त्येंना सांग. मी सांगितलं तर माझा शबुद म्हणून जपून ठेवतील आन तेल घालणार न्हाईत. टांगा आला वाटतं.

हंबीरराव : कुणा कोंडीबाचा टांगा हाय. घोडं म्हातारं हाय, पर धक्का देत न्हाई. चल, धर मला.

बनुबाई : बसा. एक माशी अजून बांधा.

हंबीरराव : पास झालाय की. आन घोडं उभं हाय.

बनुबाई : घोड्याला कुठं एस्टी धरायचीय. बसा. ह्ये बघा, माझे हात पदरात. ह्या वक्ताला मी पाटाला हात लावणार न्हाई.

हंबीरराव : बोल मग.

बनुबाई : न्हाई.

हंबीरराव : साळूबाईचं पुढं काय झालं? मला दिली की, म्हणाली सून. मग?

बनुबाई : व्हाइस सांगंल का तुमास्नी साळूबाईचं? बांधा.

हंबीरराव : एक. दोन. तीन.

आकाराम : म्हैन्यातनं एक थेंब तेल घाला, हवालदार.

हंबीरराव : घालीन. चार. पाच.

आकाराम : हिसका दिलात आता.

हंबीरराव : दिला. मुद्दाम. सहा. पीस. सात.

आकाराम : न्हाई तुटला.

हंबीरराव : गाठ. झाली. घे बघ.

बनुबाई : चांगली हाय. मगाचच्या परीस चांगली.

हंबीरराव : मगाचची तू धरली हुतीस.

बनुबाई : कवा कळलं?

हंबीरराव : पहिल्या येढ्याला. आज पहिल्यांदाच ध्यान दिऊन ओढत हुतो.

बनुबाई : मग पास कशाला म्हणालात?

हंबीरराव : तुला म्हणालो.

आकाराम : आन ह्येला काय, हवालदार? मी बांधून देऊ का नगं?

हंबीरराव : दे. ह्यो बी सोडतोय, न्हाई म्हणत न्हाई. पर कवा सोडतोय ते कळत न्हाई.

बनुबाई : नऊ वर्षं न्हवतंच कळत तुमास्नी. उचला आता.